अली, मार्सियानो आणि तेरावी फेरी

सोलापुरात पैलवानांच्या जोडींवर वाद घालायला कोणाला निमित्त लागत नाही. या शहरातल्या कित्येक भागांची ओळखच तालमींच्या नावाने आहे. पण युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने २०२४ मध्ये टायसन फ्युरीला दोनदा आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत वेम्ब्लीच्या मैदानात डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत हरवले, तेव्हापासून कुस्तीच्या जोडीने हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटातल्या, मुष्टियोद्ध्यांच्या लढतीही इथल्या चहाच्या गाड्यांवर आणि व्यायामशाळांत लागू लागल्या आहेत. उसिक विरुद्ध महंमद अली, माइक टायसन विरुद्ध रॉकी मार्सियानो, जो लुई विरुद्ध लेनॉक्स लुईस. वादाला माझी हरकत नाही. तो ज्या रीतीने घातला जातो तिला आहे. एक बाजू मोबाइलवर उंची-वजनाचे आकडे काढते आणि जुन्यांना मिनिटभरात आडवे करते. दुसरी बाजू “जुनी हाडं ती जुनी हाडं, आत्ताची सगळी डब्यातल्या पावडरीवर फुगलेली” असे म्हणून आजच्यांना तितक्याच वेळात आडवे करते. तिसरा कोणी तरी “काळ वेगळा, तुलनाच होत नाही” असे सांगून कप खाली ठेवतो आणि आपण दोघांपेक्षाही शहाणे आहोत अशा समजुतीत गाडीला किक मारतो.

या तिघांत मला तिसरा सर्वांत आळशी वाटतो. तुलना होते आणि ती करावीही. मात्र लढत ही दोन शरीरांत होत नाही. ती काही ठरलेल्या नियमांच्या आत, ठरावीक वेळात, ठरावीक वयाच्या दोन माणसांत होते. रिंगण कोणत्या सालचे, फेऱ्या किती, आणि अली म्हणजे नेमका कोणत्या वर्षीचा अली, हे सांगितल्याशिवाय ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न अर्धाच राहतो, आणि अर्ध्या प्रश्नाची पुरी उत्तरे देण्याच्या खटाटोपात आपण आवाज चढवत बसतो. शिवाय ‘कोण जिंकेल’ आणि ‘कोण थोर’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अटींवर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर त्या माणसाने आपल्या काळातल्या उत्तम प्रतिस्पर्ध्यांपुढे काय केले यावर. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या बाजूने मांडला की वादाचा चिखल होतो, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तसाच तो होतो.

आकडेवाल्यांचा मुद्दा सर्वांत भक्कम आहे, म्हणून तो आधी घेऊ. मार्सियानो पाच फूट दहा इंचांचा होता आणि साधारण ८५ किलो वजनाने लढे. आजच्या नियमांत सुमारे ९१ किलोंपर्यंतच्यांसाठी क्रूझरवेट हा स्वतंत्र गट आहे. म्हणजे आज तो जन्मला असता तर कदाचित हेवीवेट गटात आलाच नसता. लेनॉक्स लुईस सहा फूट पाच इंच, व्लादिमिर क्लिच्को सहा फूट सहा, फ्युरी सहा फूट नऊ. ही माणसे केवळ थोराड नव्हेत. त्यांना जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारता येतो, मागे सरकता येते, अंगावर आलेल्याला कवेत घेऊन दमवता येते. जेसी ओवेन्सने १९३६ मध्ये बर्लिनला शंभर मीटर १०.३ सेकंदांत जिंकले आणि उसेन बोल्टने २००९ मध्ये, त्याच शहरात, ९.५८ सेकंदांत. ओवेन्स राखेच्या धावपट्टीवर धावला हे खरे असले तरी सगळा फरक राखेच्या माथी मारता येणार नाही. आहार, सराव, दुखापतीवरचे उपचार, सगळेच सुधारले. मग ठोसेबाजीच तेवढी जिथल्या तिथे राहिली, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

हे सगळे मान्य. पण धावणे घड्याळाविरुद्ध असते आणि मुष्टियुद्ध माणसाविरुद्ध, हा फरक आकड्यांत मावत नाही. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडोत जॅक डेम्प्सी उतरला तेव्हा तो ८५ किलोंचा होता आणि समोरचा विजेता जेस विलार्ड सहा फूट साडेसहा इंच, १११ किलो. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली पडला आणि तीन फेऱ्यांनंतर उठलाच नाही. प्रिमो कार्नेरा त्याच्याइतकाच अवाढव्य. १९३४ मध्ये मॅक्स बेअरने त्याला इतक्या वेळा खाली पाडले की मोजणारे कंटाळले असतील. “ते दोघे बेढब होते, आजचे उंच तसे नाहीत,” असे यावर म्हटले जाते, आणि ते बरोबरच आहे. मग उसिकचे काय? फ्युरी बेढब नव्हता; दुसऱ्या लढतीत तो उसिकपेक्षा वीस किलोंहून जास्त जड होता, उंचीला अर्धा फूट वरचढ होता, आणि तरीही तिन्ही पंचांच्या कागदावर हरला. तालमीत नवी पोरे समोरच्याचे दंड बघत बसतात तेव्हा वस्ताद त्यांना खडसावतो, “अंगाकडं काय बघतो? पाय कुठं पडतोय ते सांग की.” मे २०२४ च्या पहिल्या लढतीची नववी फेरी या नजरेने पाहावी. उसिक डावखुरा आहे. त्याचा पुढचा उजवा पाय फ्युरीच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडतो, तिथून डावा हात सरळ तोंडावर जातो, फ्युरीचे गुडघे सैल पडतात आणि तो एका दोरावरून दुसऱ्या दोरावर झोकांड्या खात जातो, एवढा की पंचाला मध्ये पडून मोजणी सुरू करावी लागते. अर्धा फूट उंचीचा उपयोग त्या घटकेला दोराला टेकण्यापुरता झाला.

तरी मी आकडेवाल्यांना एक जागा मोकळी सोडतो. चांगला उंच आणि चांगला बुटका यांच्यात, बाकी सगळे समान असताना, उंचाकडे कल ठेवावा लागतो. मार्सियानोच्या पसरलेल्या दोन्ही हातांचा पल्ला ६८ इंच होता. लुईसच्या जॅबखालून आत शिरायला त्याला प्रत्येक वेळी काही तरी मोल द्यावे लागले असते. पण ‘बाकी सगळे समान’ हेच कधी नसते, कारण बाकी सगळ्यात नियम येतात, आणि खरा घोटाळा तिथे आहे.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद घेतले. पहिल्या फेरीत मार्सियानो स्वतः खाली पडला होता. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत, दोराजवळ, मार्सियानोचा आखूड उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट एक हात दोरात अडकलेल्या स्थितीत घसरत खाली गेला. आता आजचा नियम लावा. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर कोरियाचा डुक कू किम मरण पावला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत एकेका संघटनेने विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारांवर आणल्या. निर्णय योग्यच होता. कोणाच्या करमणुकीसाठी कोणी मरू नये. पण त्या नियमाने पाहिले तर १९५२ सालचा तो सामना वॉलकॉटने गुणांवर जिंकला, मार्सियानो त्या रात्री विजेता झालाच नाही आणि ज्या बिनपराभवाच्या ‘४९ पैकी ४९’ची आपण जपमाळ ओढतो ती तिथेच तुटली. अकरा वर्षे आधी, १८ जून १९४१ रोजी, जो लुईचेही असेच झाले असते. वजनाने बराच हलका असलेला बिली कॉन बारा फेऱ्यांअखेर दोन पंचांकडे पुढे होता आणि तिसऱ्याकडे बरोबरीत होता. तेराव्या फेरीत कॉनला वाटले की आता याला झोपवूनच टाकावे, तो जवळ गेला आणि स्वतःच झोपला. हेवीवेटच्या इतिहासातले दोन मोठे दगड ज्या फेरीवर उभे आहेत, ती फेरी आज खेळलीच जात नाही.

यावर चलाख माणूस म्हणेल की बाराच फेऱ्या असत्या तर मार्सियानो वेगळ्या हिशेबाने लढला असता. दहाव्या फेरीपासूनच घाई केली असती. अगदी खरे. माझे म्हणणे याहून वेगळे काय आहे? माणूस नियमांना धरून घडतो. पंधरा फेऱ्यांचा दम ज्याला कमवायचा आहे त्याचा सराव वेगळा, खुराक वेगळा, पहिल्या चार फेऱ्यांत शक्ती किती खर्चायची याचा अंदाज वेगळा. शंभर किलोंच्या वर स्नायू बाळगून बारा फेऱ्या काढता येतात. पंधरा काढताना तेच स्नायू ओझे होतात, आणि म्हणूनच कदाचित त्या काळी हेवीवेट नव्वदच्या आसपास राहत असत. म्हणजे ज्या आकाराला आपण आजच्या माणसाचा मोठेपणा समजतो, त्यातला काही भाग आजच्या नियमाने घडवलेला आहे. लुईसला १९५२ मध्ये नेताना त्याचे वजन बरोबर न्यायचे आणि फेऱ्या मात्र मागे ठेवायच्या, ही आपल्या सोयीची वाटणी झाली.

डेम्प्सीचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे माणूस तोच राहिला आणि नियम बदलला. टोलेडोची चित्रफीत अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. विलार्ड गुडघ्यावर येऊन उठू पाहतो आहे आणि डेम्प्सी त्याच्या पाठीशी, हातभर अंतरावर, हात उगारून उभा आहे. गुडघा जमिनीवरून उचलला रे उचलला की पुढचा ठोसा. तेव्हा ते नियमाबाहेर नव्हते. आठ वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत, नियम असा होता की समोरचा पडला की उभ्या माणसाने दूरच्या कोपऱ्यात जायचे आणि तो गेल्याशिवाय मोजणी सुरू होणार नाही. सातव्या फेरीत जीन टनी पडला, डेम्प्सी जुन्या सवयीने तिथेच उभा राहिला, पंचाने मोजणी थांबवली आणि टनीला दहापेक्षा जास्त सेकंद मिळाले. तो नऊच्या आकड्याला उठला आणि सामना गुणांवर जिंकला. आता आपल्या गाडीवर कोणी ‘डेम्प्सी विरुद्ध टायसन’ अशी जोड लावली, तर मी पहिला प्रश्न एवढाच विचारीन की पडलेल्याच्या डोक्यावर उभे राहायची मुभा आहे की नाही. (जाता जाता, त्या काळच्या मूकपटांची गती आजच्यापेक्षा कमी असे, तीच फीत आजच्या गतीने फिरवली की माणसे टुणटुण उड्या मारताना दिसतात. त्यावरून डेम्प्सीला अडाणी ठरवणाऱ्यांनी चित्रफीत आधी नीट चालवून पाहावी.)

कुस्ती पाहणाऱ्या माणसाला तर हे सांगावेच लागू नये. महाराष्ट्र केसरीसाठी गादीवर एक विजेता निघतो, मातीवर एक निघतो, आणि मग दोघांची शेवटची कुस्ती होते. हा सगळा खटाटोप कशासाठी? गादीवर पाय सुटतो, मातीत रुततो, आणि ज्याचा पट गादीवर विजेसारखा जातो तोच मातीत अर्ध्यावर अडकतो हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून. गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची १० सप्टेंबर १९१० ची लंडनची लढत गादीवर झाली. झिबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला आणि दोन तास पस्तीस मिनिटांनंतर ती निकाल न लागताच सोडवावी लागली. १९२८ मध्ये पतियाळाला, मातीच्या आखाड्यात, गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटभराच्या आत चीत केले. दोघेही तेच, तेव्हा पन्नाशीच्या आसपास पोहोचलेले. फक्त जमीन बदलली आणि वर्षे सरली, तर अडीच तासांचे एक मिनिट झाले. मग त्या दोघांपैकी कोण कोणापेक्षा किती भारी, याचे आकड्यातले उत्तर कोणत्या लढतीवरून काढायचे?

नियम ठरले, वर्ष ठरले, तरीही एक अडचण उरते आणि ती सर्वांत चिवट आहे. ‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला हरवले, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवेल, हे शाळेतले गणित मुष्टियुद्धात चालत नाही. सत्तरच्या दशकात ते आपल्या डोळ्यांदेखत फसले. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला पंधराव्या फेरीत खाली पाडून हरवले. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. दोनच महिन्यांनी केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, आणि मार्च १९७४ मध्ये फोरमनने नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. ज्या दोघांनी अलीला हरवले त्या दोघांना या माणसाने चार फेऱ्यांत गुंडाळले होते. गणिताने अलीचा पार चुराडा व्हायला हवा होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात आठव्या फेरीत फोरमन आडवा झाला. कारण उघड आहे, फक्त ते कोणाच्या उंचीत किंवा वजनात सापडत नाही: फ्रेझर खाली वाकून पुढे घुसे आणि फोरमनच्या अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, वाटेतच येई, नॉर्टन मागे सरकताना सरळ रेषेत सरके, आणि अली दोरावर रेलून फोरमनचा दम त्याच्याच ठोशांत संपवू शकत होता. एकाच दशकात, एकाच नियमाखाली, एकमेकांशी खरोखर लढलेल्या चार माणसांची उतरंड लावता येत नाही, तिथे १९१० ते २०२५ मधल्या तीस जणांची एक ते तीस अशी यादी करणाऱ्यांच्या धाडसाला नमस्कार करावा.

आणि त्यातला अली कोणता? एप्रिल १९६७ मध्ये सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यावर त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि पंचविसाव्या वर्षापासून साडेतीन वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत घुमवणारा अली क्वचितच कोणाच्या हाती लागे. १९७५ मध्ये मनिलात फ्रेझरशी लढलेला अली मार खाऊन जिंकणारा होता. दोघे एकाच नावाचे दोन मुष्टियोद्धे आहेत म्हटले तरी चालेल. टायसनच्या चाहत्यांनाही हे लागू आहे: जून १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवणारा टायसन आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसपुढे तोंडातले संरक्षक शोधत हातांवर-गुडघ्यांवर रांगणारा टायसन यांत दोन वर्षेही गेलेली नाहीत. फोरमनने तर हिशेबच उलटा केला. पंचेचाळिसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवून विजेतेपद परत मिळवले. माणसाचे उत्तम वर्ष आपण निवडायचे आणि समोरच्याचे वाईट वर्ष पुढे करायचे, हा या वादातला सर्वांत जुना डाव आहे.

हा पेच यंत्राने सोडवून पाहण्याचा प्रयत्न जुना आहे. मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने १९६७ मध्ये संगणकात सर्व काळच्या विजेत्यांची माहिती भरून रेडिओवर काल्पनिक लढती लावल्या. त्यात अलीला जिम जेफ्रीजने हरवले आणि अली बदनामीचा दावा घेऊन कोर्टात गेला. तडजोड म्हणून १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना खरोखर रिंगणात उतरवून चित्रीकरण झाले. मार्सियानोने वजन उतरवले, डोक्यावर टोप चढवला, आणि शेवट एकाहून अधिक चित्रित केले गेले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत मार्सियानो जिंकला. (तेराव्या फेरीत, हे विशेष.) युरोपात दाखवलेल्या फितीत जखमांमुळे लढत थांबून अली जिंकला. तोवर मार्सियानोचा विमान अपघातात मृत्यू झालेला होता. पडद्यावर आपण जिंकलो की हरलो हे त्याला कधी कळले नाही. एकाच यंत्राने प्रेक्षक बदलल्यावर निकाल बदलला, यावरून त्या यंत्रात काय भरले होते ते समजते. आज मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या अशा लढतींत चित्र जास्त सुबक असते एवढेच.

आता ‘कोण थोर’ या दुसऱ्या प्रश्नाकडे. इथे जुन्यांच्या बाजूचे लोक बिनपराभवाच्या आणि विजेतेपद राखण्याच्या आकड्यांवर विसंबतात. लुईने ते पंचवीस वेळा राखले, आणि डिसेंबर १९४० ते जून १९४१ या काळात तर महिन्याला एक लढत दिली. आजचा विजेता वर्षाकाठी दोनदा रिंगणात आला तर खूप झाले. इतक्या वेळा खऱ्या माणसांपुढे उभे राहिल्याने जी समज येते ती जिममध्ये येत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण मग रिंगणात कोणाला येऊ दिले जात होते हेही मोजावे लागेल. जॉन एल. सलिव्हन कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असे उघड म्हणे. डेम्प्सी विजेता असताना हॅरी विल्स हा सर्वांत लायक आव्हानवीर होता आणि ती लढत कधीच होऊ दिली गेली नाही. एवढेच कशाला, पहिला कृष्णवर्णीय विजेता जॅक जॉन्सन यानेही विजेतेपद हाती आल्यावर सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. त्या पिढ्यांतल्या विजेत्यांच्या नोंदी निम्म्या दारांना कुलूप लावून केलेल्या आहेत. दार पुढे दुसऱ्या कारणाने बंद झाले: क्यूबाच्या टेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, पण त्याच्या देशात व्यावसायिक मुष्टियुद्धाला बंदी होती आणि अलीशी त्याची लढत कागदावरच राहिली. सोव्हिएत गटातल्या मुलांचेही तेच. क्लिच्को बंधू आणि उसिक व्यावसायिक रिंगणात दिसतात ते ही व्यवस्था कोसळल्यामुळे. म्हणून आजचा विजेता जास्त मोठ्या जगातून निवडला जातो ही गोष्ट आकडेवाल्यांच्या पारड्यात टाकलीच पाहिजे. मार्सियानोबाबत एवढे म्हणता येईल की त्याने कोणाचा रंग पाहून पळ काढला नाही. लुई, वॉलकॉट, एझर्ड चार्ल्स, आर्ची मूर या सगळ्यांशी तो लढला. त्यांतला लुई सदतीस वर्षांचा आणि वॉलकॉट अडतीस वर्षांचा होता, हे मात्र त्याच्या भक्तांनी स्वतःहून सांगायला हवे.

राहिला तो कप खाली ठेवून निघून जाणारा. त्याचा सर्वांत चांगला युक्तिवाद असा: समोरासमोर झालेल्या लढतीनेही वाद मिटत नाही, मग न झालेल्या लढतीने काय मिटणार? यात दम आहे, आणि पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. जानेवारी २०२३ च्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड एकमेकांसमोर आले. दोघेही आपले, माती एक, चारही बाजूंनी कॅमेरे, आणि तरी टांगेला दिलेल्या चार गुणांवरून महिनोन्‌महिने भांडण चालले. पण ते भांडण कशाचे होते? त्या डावात समोरचा किती कलंडला म्हणजे चार गुण, याचे. म्हणजे नियमाचे. त्या भांडणात कित्येकांनी पहिल्यांदाच गुण कसे दिले जातात ते शिकून घेतले, एकच फीत दहा वेळा थांबवून पाहिली, खांदा कुठे आणि गुडघा कुठे ते दाखवले. तो वाद मिटला नाही. पण वाद घालणारे डाव पाहायला शिकले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमान’मध्ये एकाच रंगमंचावर गायले, तेव्हाही कोण सरस याचा निकाल लागला नाहीच. पण त्या प्रयोगाविषयी पुढे जे बोलले गेले त्यातून गाणे कसे ऐकावे हे अनेकांना उमगले असेल. तुलना करूच नये म्हणणारा माणूस या शिकण्यालाच नकार देतो.

अटी घालून जोड कशी लावायची याचा एक नमुना देतो. उसिक विरुद्ध मार्सियानो. वजनाचा अन्याय टाळण्यासाठी उसिक २०१८ सालचा घेऊ, ज्या वर्षी त्याने मॉस्कोत मुरात गासिएव्हला हरवून क्रूझरवेटचे सगळे किताब एकत्र केले आणि वजन नव्वद किलोंच्या आसपास होते. मार्सियानो १९५२ चा. आजचे दहा औंसांचे ग्लोव्हज्, बारा फेऱ्या, आजचे पंच: उसिक गुणांवर, आणि फारशी ओढाताण न होता. त्याची उंची पाच इंचांनी जास्त आहे, हातांचा पल्ला दहा इंचांनी जास्त आहे, तो डावखुरा आहे आणि त्याचे पाय एका जागी थांबत नाहीत; मार्सियानोला अंगाजवळ पोहोचायला निम्मी फेरी जाईल. आता हलके ग्लोव्हज् आणि पंधरा फेऱ्या द्या. उसिकही त्यासाठी तयारी करून येईल, हे धरून चालू. माझ्या अंदाजाने बाराव्या फेरीअखेर पुढे तोच असेल, कदाचित तिन्ही कागदांवर. त्यापुढच्या नऊ मिनिटांवर मात्र मी पैज लावणार नाही, कारण वॉलकॉटही तिन्ही कागदांवर पुढेच होता.